ओला आवाज: स्प्रिंग रिव्हर्बच्या पेटीच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार. फुलर्टन, कॅलिफोर्निया

उद्या संक्रांत. तिळाचे लाडू काल रात्रीच वळून झाले, त्यामुळे आजचा दिवस गॅरेजला दिला. टेबल रिकामं केलं, वर दिवा टांगला आणि पाच वर्षं मनात असलेलं काम सुरू केलं. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या फेंडर कंपनीची ६जी१५ ही स्प्रिंग रिव्हर्बची पेटी, म्हणजे स्प्रिंगांतून आवाजाला घुमारा देणारी पेटी, मला स्वतःच्या हातांनी बांधायची आहे.

पेटीचं काम काय, ते आधी लिहून ठेवते. १९६१ साली फेंडरने ती बाजारात आणली. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ती बसते. आत तीन व्हॉल्व्ह आणि तळाशी पत्र्याच्या पन्हळीत ताणून बसवलेल्या स्प्रिंगा. गिटारचा आवाज एका टोकाने स्प्रिंगांत शिरतो, दुसऱ्या टोकाला पोचतो, तिथून उलटतो, पुन्हा जातो, आणि विझेपर्यंत येरझाऱ्या घालतो. समोर तीन बटणं. ड्वेल म्हणजे स्प्रिंगांना किती जोरात हलवायचं, मिक्सर म्हणजे मूळ आवाजात स्प्रिंगांचा आवाज किती मिसळायचा, आणि टोन म्हणजे स्प्रिंगांच्या त्या आवाजाची धार.

पेटी हवी आहे ती सर्फ गिटारसाठी. सर्फ गिटार म्हणजे साधारण १९६१ ते १९६४ या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात उसळलेलं, शब्दांशिवायचं गिटारचं संगीत; सर्फ म्हणजे फळी घेऊन लाटांवर स्वार होणं. वाजवणारे बहुतेक शाळकरी वयाचे. बीच बॉइजची गाणी इथे कुठेही कानावर पडतात, ती मलाही आवडतात, पण त्यांचा समुद्र शब्दांत आहे. मी ज्यावर जीव टाकते तो समुद्र तारेत आहे. मिरजेत वाढलेल्या मुलीला हे संगीत इतकं आपलं का वाटलं, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं.

तयार डिजिटल पेडल माझ्याकडे आहे. दूरचा घुमट, देवळाचा सभामंडप, मोठं सभागृह, सगळं त्यात मिळतं. एकच गोष्ट मिळत नाही. सर्फ वाजवणारे तिला ‘ड्रिप’ म्हणतात. तार दाबून तुटक ठोका मारला की ठोक्यामागून पाण्याच्या थेंबासारखं काहीतरी टपकतं. शँटेज या सर्फ बँडच्या ‘पाइपलाइन’ची सुरुवात आठवावी: जाड तारेवरून खाली येणारी लांब घसीट आणि तिच्यामागे दौडत येणारी दाबलेली साथ. ती साथ या पेटीतून तशीच ओली वाजली, की काम झालं असं मी समजेन.

२१ जानेवारी, रविवार

सामान जमलं. पॉवर ट्रान्सफॉर्मर, स्प्रिंगांना हलवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, आयलेट ठोकलेला फायबरचा बोर्ड, चॅसी (सगळं ज्यावर बसतं तो पत्र्याचा सांगाडा), जॅक. व्हॉल्व्ह तीन: १२एटी७, १२एएक्स७ आणि ६के६. यातला ६के६ जुन्या साठ्यातला मिळाला, खोक्याचा पुठ्ठा पिवळा पडलाय.

रात्री मिरजेला व्हिडिओ कॉल केला आणि एकेक वस्तू बाबांना कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे सेट, मग ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर, आणि शेवटी नुसते रिमोट. १२एएक्स७ बघून म्हणाले, “हा तर आपला ईसीसी ८३. आणि तो दुसरा ईसीसी ८१. नावं बदलली म्हणून काय झालं?” ६के६ मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा फिरवून दाखवायला लावला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, “आत तीनशेच्या वर व्होल्ट असणार. बंद केल्यावरसुद्धा कंडेन्सर भरलेला राहतो. आधी त्याचं पोट रिकामं करायचं, मगच हात घालायचा. आणि हात घालताना दुसरा हात खिशात.” दुकानात हे वाक्य मी शाळेच्या दप्तरासकट उभी राहून शेकडो वेळा ऐकलंय.

मी त्यांना लिओ फेंडरबद्दल सांगितलं. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, याच फुलर्टन गावात, १९३८ साली त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. त्यातून अ‍ॅम्प्लिफायर आले, त्यातून गिटारी आल्या. स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणारे येऊन काय सांगतात ते ऐकायचं, नेलेली वस्तू मोडून आली की ती का मोडली ते बघायचं, असं त्याने आयुष्यभर केलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रेडिओवाला होता होय.”

४ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर हापिसच्या कामात हाताला सोल्डर लागलं नाही. त्यामुळे आज फक्त ऐकलं. कोरड्या आणि ओल्या तबकड्या शेजारी शेजारी ठेवून.

लोकांना वाटतं सर्फ म्हणजे पहिल्या दिवसापासून रिव्हर्ब. तसं नाही. डिक डेल या सर्फ गिटारवादकाची ‘लेट्स गो ट्रिपिन’ १९६१ची, या प्रकारातल्या अगदी पहिल्या तबकड्यांत धरली जाते, आणि ती कोरडी आहे. त्याच वर्षीची बेलएअर्सची ‘मिस्टर मोटो’ही कोरडी. दोन गिटारी एकमेकींत विणलेल्या, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. पॉल जॉन्सन आणि एडी बर्ट्रांड ही बेलएअर्सची दोन पोरं. फेंडरची पेटी आली आणि दोघांत मतभेद झाला. एडीला ती हवी होती, पॉलला नको होती. १९६३मध्ये बँड फुटला त्यामागे हा वाद होता. एडीने एडी अँड द शोमेन काढला आणि त्यांची ‘स्क्वाड कार’ ऐकली की त्याने पेटी का निवडली ते कळतं. अंगावर येतो तो आवाज.

आज मी दोन्ही बाजूंनी ऐकलं. पॉलचं म्हणणं मला खरंच पटतं. दोन गिटारींची वीण दिसायची असेल तर वर पाणी ओतून चालणार नाही. तरीही मी एडीच्या बाजूची आहे, आणि कारण माझ्या गावात आहे. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्यांच्या ओट्यावर मी तासन् तास बसलेय. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं, परत कानस. सूर तर आधीच लागलेला असे. त्यांची सगळी धडपड छेडल्यानंतर तारेचं पुढे काय होतं यासाठी चाललेली. सूर सुटल्यावर तो कसा उलगडतो, कसा विझतो. फेंडरच्या पेटीत मला तीच धडपड दिसते, फक्त घोडीच्या जागी स्प्रिंग आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

टँक आला. स्प्रिंगांच्या त्या पत्र्याच्या पन्हळीला टँक म्हणतात. जवळपास सतरा इंच लांब. मूळ कल्पना हॅमंड ऑर्गनवाल्यांची. चर्चच्या घुमटातला ऑर्गन घराच्या बैठकीत आला की मुका वाटे, म्हणून त्यांनी स्प्रिंगांतून घुमट तयार केला, आणि फेंडरने टँक त्यांचाच घेतला.

टँक उलटा करून बराच वेळ बघत बसले. दोन रांगा आहेत, प्रत्येक रांग मध्ये जोडलेल्या दोन स्प्रिंगांची. टोकांना तांदळाच्या दाण्याएवढी चुंबकं, ती कॉइलच्या फटीत लटकलेली. गिटारचा विद्युत्प्रवाह कॉइलमध्ये आला की चुंबक पिळतं, आणि तो पीळ स्प्रिंगेतून धावत जातो. स्प्रिंग ताणली-दाबली जात नाही, पिळली जाते. एका रांगेतून पीळ सुमारे ३३ मिलिसेकंदांत पलीकडे पोचतो, दुसरीतून ४१मध्ये. वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या, म्हणजे दोन प्रतिध्वनी एकमेकांवर बसत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचं पुढेच आहे. स्प्रिंगेत उंच आणि खालचे स्वर सारख्या वेगाने धावत नाहीत. त्यामुळे एका क्षणी मारलेला ठोका पलीकडे पोचतो तो पसरून, ओघळून पोचतो. टक् असा शिरतो आणि च्यूं असा निघतो. ड्रिप ती हीच. खऱ्या सभागृहातल्या हवेत असं होत नाही, म्हणून सभागृहाची नक्कल करणाऱ्या पेडलमध्ये ती सापडत नाही. सर्फच्या पोरांनी घुमटाची नक्कल म्हणून आलेली वस्तू घेतली आणि तिच्यातला जो दोष होता त्यावर प्रेम केलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

बोर्ड पूर्ण. सात तास. बाबांच्या भाषेत ‘झाळकाम’. त्यांनी फोटो मोठे करून बघितले आणि दोन सांधे परत करायला लावले. “चमक नाही त्याला. टाका थंड बसलाय.” परत केले. टँकच्या जॅकला शिल्ड वायर. फिलॅमेंटच्या तारा एकमेकींत पिळून चॅसीच्या कडेने नेल्या.

२५ फेब्रुवारी, रविवार

पहिल्यांदा वीज दिली. ६के६ केशरी उजळला. गिटार लावली, मूळ आवाज स्वच्छ आला, पण रिव्हर्ब नावालासुद्धा नाही. मिक्सर पूर्ण वर नेला तर दूर कुठेतरी पत्रा वाजल्यासारखं काहीतरी.

दीड तास व्होल्टेज मोजले. सगळे बरोबर. मग टँकच्या केबली बघितल्या तर इकडची तिकडे लागलेली. टँकचं शिरण्याचं टोक ८ ओहमचं आणि निघण्याचं टोक हजारो ओहमचं असतं. उलट लावलं तर ट्रान्सफॉर्मरला ओझंच जुळत नाही आणि स्प्रिंग हलत नाही. केबली बदलल्या.

जाड तारेवर एक ठोका मारला. पुढची दोन-तीन सेकंदं गॅरेज भरून राहिलं. लेक धावत बाहेर आली, “आई, पाणी कुठे सांडलं?” तिला काही सांगितलेलं नव्हतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

३ मार्च, रविवार

घूं असा सततचा आवाज. गिटार काढली तरी राहतो. टँककडून येणारी केबल उपटली की जातो. म्हणजे वीजपुरवठ्याचा दोष नाही, टँकच कुठून तरी घूं पकडतोय. पेटीत टँक तळाला आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर वर चॅसीवर. टँकचं निघण्याचं टोक नेमकं ट्रान्सफॉर्मरच्या खाली आलं होतं आणि त्यातली कॉइल ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडत होती. टँक टोकाला टोक फिरवून बसवला. घूं जवळपास गेला. उरला तेवढा त्या काळच्या पेट्यांतही असेल.

फोनवर बाबांना तो घूं ऐकवला होता. ते म्हणाले, “आपल्याकडचा असा नसतो. हा चढा आहे.” बरोबर आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. पन्नासला षड्ज मानला तर साठ म्हणजे सहाला पाच हे प्रमाण, म्हणजे नेमका कोमल गंधार. बाबांच्या कानात चाळीस वर्षं दुकानातला तो पन्नासचा घूं बसलाय, आणि त्यांना हा देश कोमल गंधारावर गुणगुणताना ऐकू आला. आईला हे सांगितलं तर ती लगेच सा लावून बघायला लागली.

१६ मार्च, शनिवार. बाल्बोआ

डिक डेल जाऊन आज पाच वर्षं झाली. पेटीचं काम बंद ठेवून बाल्बोआला गेले. घरापासून चाळीसेक किलोमीटर. वाटेत सांता अ‍ॅना लागतं. शँटेज हे तिथल्या हायस्कूलचे विद्यार्थी. ‘पाइपलाइन’ १९६३मध्ये बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली तेव्हा ते शाळकरी वयातले होते. चालीचं आधीचं नाव वेगळंच होतं. हवाईच्या ओआहू बेटावर बान्झाय पाइपलाइन म्हणून लाटांची जागा आहे, ती लाटांवरच्या एका चित्रफितीत बघून त्यांनी नाव बदललं.

बाल्बोआचा समुद्रकिनारा म्हणजे न्यूपोर्ट बीचची एक लांबट जीभ. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. रॉंदेव्हू बॉलरूम (नाचाचं सभागृह) इथे अगदी वाळूला लागून होती. १९२८ साली बांधली. चाळिशीच्या दशकात स्टॅन केंटनचा वाद्यवृंद इथूनच नावारूपाला आला. नंतर मोठ्या वाद्यवृंदांचे दिवस सरले आणि १९६१च्या उन्हाळ्यात डिक डेल इथे वाजवायला लागला. पुढे तिथे हजारोंनी पोरं जमत, सकाळी फळीवर समुद्रात आणि रात्री फरशीवर नाचायला. तो स्वतः लाटांवर जायचा. लाट अंगाखालून जाताना जे वाटतं ते तारेतून काढायचं, हा त्याचा ध्यास. त्यासाठी सर्वांत जाड तार ०.०६० इंचाची. इतक्या जोराने वाजवायचा की फेंडरने दिलेले अ‍ॅम्प आणि स्पीकर एकामागून एक जळत. लिओ फेंडरने सभागृहात गर्दीत उभं राहून ते बघितलं आणि त्याच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा शोमन अ‍ॅम्प तयार झाला. रिव्हर्ब डेलला मुळात गिटारसाठी नको होता. आपला गाता गळा सपाट वाटतो म्हणून त्याला गाण्यासाठी हवा होता. मग त्याने त्यात गिटार लावून बघितली.

१९६६च्या ऑगस्टमध्ये आग लागून बॉलरूम संपली. आता तिथे घरं आहेत आणि एक स्मृतिफलक. मी फलकाला हात लावून उभी राहिले. समोर तीच वाळू. थोडी पोरं फळ्या घेऊन पाण्याकडे चालली होती, फलकाकडे कुणी बघत नव्हतं. फोनवर ‘लेट्स गो ट्रिपिन’ लावली आणि बाकावर बसून पूर्ण ऐकली. परत लावली.

२४ मार्च, रविवार

आता हाताची तयारी. माझी गिटार जॅझमास्टरच्या घडणीची. जॅझमास्टर फेंडरने १९५८मध्ये जॅझ वाजवणाऱ्यांसाठी काढली आणि ती उचलली सर्फच्या पोरांनी. तिच्यावर ०.०१२ ते ०.०५२च्या चपट्या गुंडाळीच्या तारा चढवल्या. बोटाखाली किणकिण कमी, धप्प असा आवाज जास्त.

‘मिसर्लू’ घेतली. ही चाल डेलची नाही. पूर्व भूमध्य सागराच्या काठची, १९२७मध्ये ग्रीक भाषेत तिचं ध्वनिमुद्रण झालेलं. डेलचे वडील लेबनीज घराण्यातले, काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, तिथून ती त्याच्या कानात आली. एका पोराने त्याला विचारलं, एकाच तारेवर एखादी चाल वाजवून दाखवशील का. तेव्हा त्याला ही आठवली, असं तो सांगत असे. १९६२मध्ये त्याने ती तबकडीवर आणली ती अतिशय द्रुत. आधी एकट्या जाड तारेवर, नखी वर-खाली न थांबता. सतारीवरचा ‘झाला’ हा शेवटचा द्रुत भाग ज्याने ऐकलाय त्याला हा ‘दारा दारा’ ओळखीचा वाटेल. शिवाय डेल डावखुरा, आणि उजव्या हाताची तारांची मांडणी तशीच ठेवून उलटी गिटार धरायचा, त्यामुळे जाड तार त्याच्या हाताला खालच्या अंगाला यायची.

माझा हात पहिल्या सोळा मात्रांत भरून येतो. मनगट मोकळं ठेवलं तर जमतं, कोपरापासून वाजवलं तर संपलं. रोज वीस मिनिटं, हळू लयीपासून.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

आई शुक्रवारी आली. बाबांना लांबचा प्रवास झेपत नाही, म्हणून एकटीच. सकाळी गच्चीत गुढी उभारली. दुपारी श्रीखंड-पुरी झाल्यावर ती गॅरेजमध्ये येऊन खुर्चीवर बसली. मी ‘मिसर्लू’चा सराव करत होते.

दुसऱ्या आवर्तनाला तिने मांडीवर ताल धरला. तिसऱ्याला म्हणाली, “थांब. रिषभ कोमल, गंधार शुद्ध, धैवत कोमल, निषाद शुद्ध. अगं, हा तर भैरव.”

मी गिटार खाली ठेवली. मला हे पुस्तकातून माहीत होतं. इकडच्या शास्त्रात या स्वरसप्तकाचं वेगळं नाव आहे आणि ते भैरव थाटाशी जुळतं. पण वाचलेलं आणि आईच्या तोंडून आलेलं यात फार अंतर आहे. आईने मिरजेत कितीतरी वर्षं गाणं शिकलंय. अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी असलेल्या दर्ग्यात उरुसाच्या मैफली तिने लहानपणापासून रात्र रात्र ऐकल्यात.

मग तिनेच दुरुस्ती केली. “राग नाही म्हणायचा. भैरवात रिषभ झुलवतात, धैवत झुलवतात. ही चाल त्यावर थांबतच नाही, आपटून पुढे जाते. सूर भैरवाचे आहेत, स्वभाव नाही.” आणि थोडा विचार करून, “पण वाईट नाही गं. उन्हात आल्यासारखा भैरव आहे.”

तिने रिषभावर आंदोलन घेऊन दाखवलं. मी जॅझमास्टरच्या तारांचा ताण बदलणाऱ्या दांड्याने तोच स्वर हलवून बघितला. पेटीतून तो स्वर झुलत झुलत गेला आणि आई डोळे मिटून ऐकत राहिली. हे सर्फ नव्हतं, काय होतं ते ठाऊक नाही. पंधरा मिनिटं आम्ही तेच करत होतो.

२० एप्रिल, शनिवार

ड्रिप सापडली.

गेले तीन आठवडे मी ती बटणांत शोधत होते. ड्वेल पूर्ण वर नेलं की सगळाच चिखल, खाली घेतलं की कोरडं. आज हाताने वाजवण्याची पद्धत बदलली. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर ठेवून दाबली, नखी किंचित तिरकी धरली आणि घोडीच्या जवळ, छोटा, कडक ठोका मारला. सूर जवळजवळ मेलेला, उरला फक्त टक्. आणि त्या टक्मागून पेटीतून टपकन थेंब पडला. दहा ठोके, दहा थेंब.

आता कारण लख्ख दिसतं. लांब सूर धरला तर स्प्रिंगेत फार थोडे स्वर जातात, पसरायला काही नसतं. तुटक ठोक्यात मात्र खालपासून वरपर्यंत सगळे स्वर एका क्षणी असतात, आणि स्प्रिंग त्यांना एकामागून एक बाहेर सोडते. शिवाय या पेटीत गिटार थेट स्प्रिंगांना भिडते. मधे अ‍ॅम्पची चाळणी नाही, आणि स्प्रिंगांना हलवायला ६के६ आहे. फेंडरने १९६३पासून अ‍ॅम्पच्या आतच रिव्हर्ब बसवायला सुरुवात केली, त्याचा आवाज गोड आहे, पण हा दणका त्यात नाही.

म्हणजे पेटी एकटीने ओला आवाज काढत नाही. ती वाद्याचा अर्धा भाग आहे आणि उरलेला अर्धा उजव्या हाताच्या तळव्याच्या कडेला आहे. सांता अ‍ॅनाच्या त्या पोरांना हे कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही. वस्तू नवीन होती, त्यांच्या आधी कुणी वाजवलेलीच नव्हती.

आईला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, “पागोळी पडतेय.” मिरजेच्या घराची कौलं, पावसाची सर थांबल्यावर पन्हाळीखाली ठेवलेली घागर. ड्रिपला मराठी शब्द मी इतके दिवस शोधत होते.

बटणं, सध्यापुरती: ड्वेल पाचच्या थोडं वर, मिक्सर सहा, टोन सात.

५ मे, रविवार

पेटीला बाहेरून तपकिरी रेक्झिन लावलं. मूळचीही सुरुवातीला तपकिरीच होती. कोपरे दुमडताना आईची मदत, तिने उशीच्या अभ्र्याला घालतात तशी घडी घातली.

संध्याकाळी ‘गुमनाम’मधलं ‘जान पहचान हो’ लावलं. १९६५. पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईचा बँड, डोळ्यांवर मुखवटे, हातात इलेक्ट्रिक गिटारी, आणि पुढे लक्ष्मी छाया बेभान नाचतेय. संगीत शंकर-जयकिशनचं, आवाज रफींचा. याला सर्फ म्हणणार नाही मी, पण ती सुरुवातीची गिटार ऐकून कुणी मला ‘अमेरिकेचा पश्चिम किनारा’ म्हटलं तर मी मान हलवेन. साठच्या दशकात हा आवाज सगळीकडे फिरत होता. व्हेंचर्सची ‘वॉक, डोन्ट रन’ १९६०ची, त्याच वर्षी इंग्लंडात शॅडोजची ‘अपाचे’. १९६५मध्ये व्हेंचर्स जपानात गेले आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारचं वेडच लागलं. ऑस्ट्रेलियात अटलांटिक्सची ‘बॉम्बोरा’. आणि अमेरिकेतच, समुद्रापासून दीडेक हजार किलोमीटरवर कोलोराडोच्या डोंगरात, अ‍ॅस्ट्रॉनॉट्स नावाचा बँड ‘बाहा’ वाजवत होता, आणि त्यातला रिव्हर्ब इतका ओला आहे की पिळून काढावा. मिरजेपासून समुद्र त्यामानाने जवळच.

आईने हा सिनेमा लहानपणी थिएटरात बघितलाय. तिला नाच आठवतो. बाबांना फोनवर विचारलं तर त्यांना गिटार आठवते. दुकानात ते व्हॅन शिप्लींच्या तबकड्या लावायचे, सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर. शब्द नसले की सेटचा आवाज नीट तपासता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटतं त्यांना ते आवडायचं.

१८ मे, शनिवार

‘पाइपलाइन’ पूर्ण वाजवली. घसीट, साथ, चाल. बेस आणि ढोल आधी रेकॉर्ड करून ठेवलेले. नवऱ्याने इलेक्ट्रिक पियानोचा भाग की-बोर्डवर वाजवला. मूळ तबकडीत तो पियानो फार पुढे आहे आणि त्याच्याशिवाय चाल अर्धी वाटते. चौथ्या वेळेला सगळं जुळलं.

आनंदाने बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि समोर वाजवून दाखवली. ते ऐकून म्हणाले, “छान. पण ते पाणी कुठाय?” फोन त्यांच्यापर्यंत ठोका पोचवत होता आणि मागचा थेंब गोंगाट समजून पुसून टाकत होता. चार महिने ज्याच्यासाठी घालवले तेवढंच नेमकं पुसलं जात होतं. आई म्हणाली, “रेकॉर्ड करून पाठव, मोठी फाइल असू दे.”

२६ मे, रविवार

फाइल पाठवली होती. आज बाबांचा फोन आला. त्यांनी ती दुकानातून घरी आणलेल्या जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला जोडून ऐकली. लीड स्वतः बनवली. तीन वेळा ऐकली म्हणाले, एकदा दार बंद करून. आईसारखं त्यांनी स्वरांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते, ६के६ किती तापतो, टँकखाली रबर ठेवलंय का, आणि शेवटची घसीट संपल्यावर मागे जे बारीक हलत राहतं ते व्हॉल्व्हचं आहे की स्प्रिंगेचं.

“स्प्रिंगेचं,” मी सांगितलं.

“नक्की? पेटीला वरून एक टपली मारून बघ.”

दुकानात ते असंच करायचे. सेट चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करायचे आणि कान लावायचे. मी पेटीच्या झाकणावर बोटाची पेरं आपटली. स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या, गॅरेजमध्ये वीज कोसळल्यासारखा गडगडाट झाला, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, काय पडलं.

फोनवर बाबांना अर्थातच त्यातलं फक्त टक् ऐकू गेलं. म्हणाले, “हे पण रेकॉर्ड करून पाठव.”

रात्री करते. मिक्सर पूर्ण वर ठेवून, तीन टपल्या, मधे बराच वेळ सोडून.